कार्यक्रमपत्रिकेत नसलेला विषय

२०१७ च्या जुलैत मुंबईतल्या कितीतरी घरांत रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न विचारला जायचा, "निकालाचं काय झालं?" मुंबई विद्यापीठानं त्या उन्हाळी सत्रापासून सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं होतं. परीक्षा होत्या ४७७ आणि उत्तरपत्रिका १७ लाखांहून अधिक. यंत्रणा पुरती उभी राहण्याआधीच गठ्ठे येऊन पडले. राज्यपालांनी कुलपती या नात्यानं ३१ जुलैची मुदत घातली, ती उलटली. सप्टेंबर उजाडला तरी काही निकाल बाकीच होते. दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळालेल्यांच्या हातात गुणपत्रिका नव्हती. नोकरीचं पत्र आलेल्यांना रुजू होताना दाखवायला कागद नव्हता. काहींच्या उत्तरपत्रिकाच सापडेनात. अखेर ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. विद्यापीठाच्या १६० वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं.

त्या चार-पाच महिन्यांत या प्रकाराला घोळ म्हटलं गेलं, अनागोंदी म्हटलं गेलं, तंत्रज्ञानाचा अतिउत्साह म्हटलं गेलं. हा विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न आहे, असं कुणी ठासून म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. रात्री दोन वाजता विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडून बघणारी मुलगी, "अजून लागला नाही" हे वाक्य नातेवाइकांना सांगून थकलेला मुलगा, पोराचा विषय राहून नक्की केटी लागली असणार आणि तो लपवतोय असं मनोमन धरून बसलेले वडील, यांची नोंद कुठल्याच अहवालात झाली नाही. नोंद झाली ती उत्तरपत्रिकांच्या संख्येची.

विद्यापीठाच्या कारभारात मनाचा विषय त्याच्या स्वतःच्या नावानं फारसा येत नाही. तो परीक्षेचं वेळापत्रक, शिष्यवृत्तीचा हप्ता, वसतिगृहाची यादी, पुनर्मूल्यांकनाचं शुल्क अशी भलतीच नावं घेऊन येतो. बैठकीत या विषयांवर ठराव होतात, सूचक-अनुमोदक होतात, इतिवृत्त कायम होतं. मुलांच्या झोपेचा निर्णय आपण आत्ताच घेतला, हे मात्र टेबलाभोवती बसलेल्यांच्या गावीही नसतं.

प्रश्न केवढा आहे, याचा एक आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात सापडतो. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्रातले १,७६४, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. या आकड्यांत शाळकरी मुलंही येतात, आणि कारणाचा रकाना पोलीस तपासावरून भरलेला असतो, एवढं लक्षात ठेवूनच ते वाचायला हवेत. एका मृत्यूमागे एकच कारण, असं साधं गणित मनाच्या बाबतीत सहसा नसतं. शिवाय हे टोकाला पोचलेले. जे वर्गात बसलेत पण ज्यांचं लक्ष नाही, जे मेसमध्ये जेवायला यायचे बंद झालेत, जे चार दिवस खोलीबाहेर पडले नाहीत, ते कोणत्याच तक्त्यात नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात एक गोष्ट ठळकपणे पुढं आली होती: मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आजारागणिक प्रमाण बदलतं, पण चित्र तेच.

आता या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहा. समुपदेशकाच्या दारापर्यंत मोजकेच पोचणार. परीक्षेचं वेळापत्रक मात्र एकूण एक विद्यार्थ्याला लागू होणार. मग मनाची काळजी घ्यायला सुरुवात कुठून करायची? मला तरी उत्तर सरळ दिसतं. पण विद्यापीठं नेमकं उलट करतात. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाचं व्याख्यान ठेवतात, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतात, आणि त्याच आठवड्यात हिवाळी परीक्षेचं सुधारित वेळापत्रक तिसऱ्यांदा जाहीर करतात.

हे असं का होतं, ते समजायला विद्यापीठात कोण काय ठरवतं हे थोडं पाहावं लागेल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ चा, लागू झाला १ मार्च २०१७ पासून. त्यानुसार अधिसभा ही सर्वांत मोठी सभा. तिच्यात प्राचार्य, अध्यापक, संस्थाचालक, पदवीधर, विद्यार्थी अशा सगळ्यांचे प्रतिनिधी, आणि अर्थसंकल्पावरची चर्चा तिथली. व्यवस्थापन परिषद हे रोजच्या कारभाराचं मुख्य केंद्र. विद्यापरिषद अभ्यासक्रम, श्रेयांक आणि उत्तीर्ण होण्याचे नियम ठरवते. परीक्षा व मूल्यमापन मंडळ परीक्षा घेतं. या सगळ्यांच्या जोडीला एक विद्यार्थी विकास मंडळ असतं. मुलांच्या मनाशी संबंधित जे काही असेल ते याच मंडळाकडे ढकलायचं, अशी सार्वत्रिक रीत. मंडळ बिचारं शिबिरं घेतं, पोस्टर स्पर्धा घेतं. ताण तयार होतो परीक्षा मंडळात, विद्यापरिषदेत आणि वित्त विभागात. तिथल्या खुर्च्यांवर विद्यार्थी विकास मंडळाची हुकमत चालत नाही. म्हणजे कौल एकीकडे फुटलेत आणि आपण बादल्या दुसरीकडे ठेवतोय.

निकालाचंच घ्या. शेवटचा पेपर झाल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा विद्यापीठानं प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत तो लावावा, असं कायद्यातच लिहिलं आहे. उशीर झालाच, तर कुलगुरूंनी कारणांसह अहवाल कुलपतींना आणि शासनाला द्यायचा. मुलांची चिंता कमी करणारा याहून प्रभावी नियम मला माहीत नाही, आणि तो लिहिताना मानसिक आरोग्याचा शब्दही कुणी वापरलेला नाही. अनिश्चितता माणसाला वाईट बातमीपेक्षा जास्त पोखरते, हे ज्यानं कधी निकालाची वाट पाहिली आहे त्याला सांगायला नको. नापास झालो हे कळलं तर फॉर्म भरता येतो, अभ्यासाला लागता येतं. काहीच कळत नसेल तर पुढचं सत्र सुरू होऊनही मागचं संपत नाही. त्यातून पुनर्मूल्यांकनाचा निकाल येण्याआधी पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायची मुदत संपत असेल, तर मुलांना त्याच विषयाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, पैसे पुन्हा भरावे लागतात, आणि पेपरच्या आदल्या दिवशी कळतं की आपण पास होतो. दोन तारखांचा क्रम बदलला की हा त्रास संपतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, परीक्षा विभागातल्या उपकुलसचिवांनी एक कॅलेंडर समोर घेऊन बसावं लागतं.

गुण देण्याच्या पद्धतीवरही बरंच अवलंबून असतं. अमेरिकेतल्या एमआयटीनं १९६८ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना श्रेणी न देता फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवण्याचा प्रयोग सुरू केला. आज त्याचं स्वरूप आटोपशीर झालंय, पण पहिल्या सत्रासाठी ही सवलत टिकून आहे. घर सोडून आलेल्या, आतापर्यंत वर्गात कायम पहिला येणाऱ्या मुलाला आपल्यासारखेच शेकडो पहिले शेजारी बसलेले पाहून जो धक्का बसतो, तो पचवायला सहा महिने द्यावेत, हा त्यामागचा हिशोब. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयानं पहिल्या दोन वर्षांसाठी अशीच पद्धत आणली आणि श्रेणी मिळणाऱ्या आधीच्या तुकडीशी नव्या तुकडीची तुलना केली. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्या तुकडीचं मानसिक स्वास्थ्य सुधारलेलं दिसलं, आणि अभ्यासातली कामगिरी वा वर्गातली हजेरी काही घसरली नाही. "ताण नसेल तर पोरं अभ्यास करणार नाहीत" असं मानणाऱ्या आपल्याकडच्या स्टाफरूमसाठी हे उदाहरण मुद्दाम सांगितलं.

आपल्याकडे जी एटीकेटी आहे, तीही मुळात याच जातकुळीची सोय. एखादा विषय राहिला तरी वर्ष वाया जाऊ नये, ही तिच्यामागची माणुसकी. पण कोणत्या सत्रातून कोणत्या सत्रात किती विषय राहिले तर जाता येतं, हे दरवेळी एवढं बदलत राहतं की मुलं नियम विद्यापीठाच्या परिपत्रकातून शिकण्याऐवजी सीनियर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून शिकतात. "वर्ष गेलं का माझं?" हा प्रश्न विचारायला महाविद्यालयात एक ठरलेली खिडकी नसते. असली तर जेवणाची सुट्टी चालू असते.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाचा एक खटला प्रत्येक विद्यापरिषदेनं वाचावा असा आहे. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला लोकांसमोर बोलण्याची तीव्र भीती होती. हुशारी पुरेपूर होती. अभ्यासक्रमात मात्र प्रयोगानंतर तोंडी मुलाखती आणि भरल्या सभागृहात सादरीकरण होतं. तिची अडचण विभागाला माहीत होती, पर्यायी व्यवस्था मात्र झाली नाही. २०१८ मध्ये तिनं जीवन संपवलं. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. २०२२ मध्ये न्यायालयानं विद्यापीठानं समानता कायद्याचा भंग केल्याचा निर्णय देऊन ५० हजार पौंडांची भरपाई ठरवली. विद्यापीठाचं अपील २०२४ मध्ये फेटाळलं गेलं. न्यायालयानं विचारलेला मुद्दा अगदी साधा होता: तुम्हाला विद्यार्थिनीला भौतिकशास्त्र येतं का हे पाहायचं आहे, की ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगता येतं का हे? परीक्षेची पद्धत आणि परीक्षेचा उद्देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडेही व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री उलट्या होणारी मुलं प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात असतात. आणि कायदाही आपल्याकडे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारचं अपंगत्व मानलं आहे, त्यांत मानसिक आजारही येतो. अशा व्यक्तीला वाजवी सोय देण्याची कल्पना त्या कायद्यात स्पष्ट आहे. पण विद्यापीठाच्या परीक्षा नियमावलीत लेखनिक आणि जादा वेळ याच्या पलीकडे ही कल्पना अजून फारशी उतरलेली नाही. विद्यापरिषदेनं एक ठराव करून तोंडी परीक्षेला लेखी पर्याय कधी देता येईल हे ठरवून टाकलं, तर कुठल्या कनवाळू सरांच्या मर्जीवर ते अवलंबून राहणार नाही.

पैशांबद्दल मानसिक आरोग्याच्या व्याख्यानांत फारसं बोललं जात नाही, ही मला नेहमी विचित्र वाटलेली गोष्ट. बीड, नंदुरबार किंवा गडचिरोलीहून पुण्यात आलेल्या मुलाच्या चिंतेचं वजन करायचं झालं, तर निम्म्याहून अधिक वजन पैशांचंच निघेल. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या शासकीय पोर्टलवर भरलेला अर्ज कुठल्या टेबलावर अडलाय हे त्याला दिसत नाही. महाविद्यालय म्हणतं समाजकल्याणला विचारा, समाजकल्याण म्हणतं महाविद्यालयानं अर्ज पुढं पाठवला नाही. मधल्या काळात शुल्क बाकी म्हणून हॉल तिकीट अडवलं जातं, नाही तर मूळ कागदपत्रं. खोलीभाडं आणि मेसचं बिल काही शिष्यवृत्तीची वाट पाहत थांबत नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. रक्कम उपयोगाची आहे, पण वर्ष संपता संपता हातात आली तर आधीचे दहा महिने उधारीवर काढावे लागतात.

वसतिगृहाचंही तेच. वर्ग जुलैत सुरू होतात आणि खोल्यांची यादी बऱ्याचदा त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी लागते. तोवर मुलं मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहतात. विद्यापीठाच्या आवारात अशा मुलांना ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द चेष्टेतला, पण रेक्टरांची धाड पडली की चेष्टा संपते. ज्याला रात्री कुठं झोपायचं हे ठाऊक नाही, त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार?

खरं तर महाराष्ट्राला हे कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांसाठी बोर्डिंगं काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीत आणली. आज पुण्याच्या विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालणारी कमवा आणि शिका योजना त्याच विचारातून आली. आधी पोराच्या भाकरीचं आणि अंथरुणाचं बघा, शिक्षण मग आपोआप होईल, असं या माणसांचं म्हणणं होतं. मानसशास्त्राची परिभाषा त्यांच्याकडे नव्हती. व्यवस्था मात्र होती.

२०२५ हे वर्ष या विषयात महत्त्वाचं ठरलं, कारण सर्वोच्च न्यायालयानं त्यात दोनदा हात घातला. २४ मार्चला न्या. जमशेद पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठानं उच्च शिक्षणातल्या आत्महत्यांचा अभ्यास करण्यासाठी माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. मग २५ जुलैला न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठानं देशभरातल्या शिक्षणसंस्था, वसतिगृहं आणि कोचिंग क्लासेस यांच्यासाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. शक्यतो गुणांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत. मदतीचे क्रमांक वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक लावायचे. शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. यातला शिक्षकेतर हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कोणता मुलगा तीन दिवस दिसला नाही हे आधी वॉचमनला कळतं, मेसच्या मावशींना कळतं, ग्रंथालयातल्या शिपाईमामांना कळतं. प्राचार्यांना सर्वांत शेवटी.

पुढं जानेवारी २०२६ मध्ये पहिल्या प्रकरणात न्यायालय आणखी खोलात गेलं. अध्यापकांच्या रिक्त जागा भरा आणि रखडलेल्या शिष्यवृत्त्या चुकत्या करा, असे आदेश निघाले. शिष्यवृत्ती उशिरा आल्याचा भुर्दंड विद्यार्थ्यानं परीक्षेला मुकून भरायचा नाही, हेही सांगितलं गेलं. आत्महत्यांच्या खटल्यात रिक्त पदं आणि शिष्यवृत्ती कुठून आली, असा प्रश्न ज्यांना पडला असेल, त्यांनी हा लेख पहिल्यापासून पुन्हा वाचावा.

आता समुपदेशकाकडे येऊ. मदत शोधणाऱ्याला पोचण्याजोगं एक दार तर लागतंच, आणि त्या दाराचीही काही व्यवस्था असावी लागते. अमेरिकेत विद्यापीठीय समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी संस्था एक हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा असं सुचवते. आपल्या अनुदानित महाविद्यालयांची मूळ अडचण अशी की समुपदेशक हे पदच मंजूर आकृतिबंधात सहसा नसतं. मग मानसशास्त्राच्या मॅडमनाच ‘अतिरिक्त कार्यभार’ दिला जातो, किंवा आठवड्यातून दोन दिवस मानधनावर कुणाला बोलावलं जातं. आपल्याला शिकवणाऱ्या, आपले अंतर्गत गुण देणाऱ्या बाईंसमोर मुलगी मोकळं बोलेल कशी? मी एका महाविद्यालयात समुपदेशन कक्षाची पाटी जिमखान्याच्या दारावर पाहिली होती. दाराला कुलूप होतं आणि किल्ली मागायला प्राचार्यांच्या केबिनसमोरच्या बाकावर थांबावं लागायचं. तिथं बसलेला प्रत्येक जण कशासाठी बसलाय हे अख्ख्या व्हरांड्याला कळत होतं.

गुप्तता हा इथला कळीचा मुद्दा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं ती रुग्णाचा हक्क म्हणून मान्य केली आहे. विद्यापीठानं लेखी धोरण करावं लागतं: समुपदेशकाची टिपणं विभागप्रमुखांना दिसणार नाहीत, शिस्तपालन समितीत वापरली जाणार नाहीत, वसतिगृह-प्रवेशात विचारली जाणार नाहीत. दुसऱ्या बाजूला पालकांना कधी कळवायचं हा अवघड प्रश्न उरतो. ब्रिस्टल विद्यापीठानं २०१८ पासून यावर एक सुटसुटीत तोडगा वापरला. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याला विचारायचं, तुझ्याबद्दल गंभीर काळजी वाटली तर आम्ही कुणाला फोन करू? नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांनी संमती दिली. इथं ‘कुणाला’ हा शब्द महत्त्वाचा. प्रत्येकाच्या बाबतीत ते आईवडीलच असतील असं नाही. कधी मोठी बहीण असते, कधी मामा, कधी गावातले शाळेचे सर.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलायची गरज पडली, तर केंद्र शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि विनाशुल्क आहे. मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक प्रवेशाच्या पावतीवर, ओळखपत्राच्या मागच्या बाजूला आणि हॉल तिकिटावर छापायला विद्यापीठाला किती खर्च येईल? हॉल तिकिटावर कॉपीबद्दलच्या शिक्षांची यादी छापायला जागा पुरतेच की.

मेंटॉर-मेंटी ही योजना बहुतेक महाविद्यालयांत आहे, कागदावर. उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅककडून एका अध्यापकामागे किती विद्यार्थी मार्गदर्शनासाठी दिले आहेत याचं गुणोत्तर मागितलं जायचं, म्हणून याद्या तयार झाल्या आणि नॅकची समिती येण्याच्या आठवड्यात सह्या झाल्या. अध्यापकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण तासिका तत्त्वावर काम करणारा, दोन महाविद्यालयांत धावपळ करणारा, मानधन सहा महिन्यांनी मिळणारा प्राध्यापक मुलांच्या मनाची विचारपूस कुठल्या तासिकेत करणार? त्याच्या स्वतःच्या मनाची विचारपूस कोण करतं?

जातीचा विषय इथं टाळता येत नाही. २०१९ मध्ये मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या आदिवासी डॉक्टर तरुणीचा आणि २०२३ मध्ये मुंबई आयआयटीतल्या पहिल्या वर्षाच्या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू, या दोन्ही घटनांनंतर भेदभावाच्या प्रश्नावर देशभर चर्चा झाली. आयआयटीनं २०२३ च्या जुलैत भेदभावविरोधी सूचना काढल्या. प्रवेश परीक्षेतला क्रमांक विचारणं अनुचित आहे, कारण त्याआडून जात काढली जाऊ शकते, असं त्यात म्हटलं होतं. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. "रँक किती?" हा प्रश्न पहिल्या आठवड्यात पाचदा ऐकलेल्या मुलाला विचारा. अशा अनुभवाला ‘चिंताविकार’ असं नाव देऊन गोळ्या लिहून देणं म्हणजे मारणाऱ्याला सोडून मार खाणाऱ्याच्या पाठीची तपासणी करत राहणं.

तक्रार करायची कुठं, याचीही रचना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ पातळीवर लोकपाल हवा. समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, त्यावर लोकपालाकडे दाद मागता येते. निकाल, शुल्क, कागदपत्रं अडवणं, भेदभाव, सगळं यात बसतं. जून २०२४ मध्ये आयोगानं लोकपाल न नेमलेल्या विद्यापीठांची नावं जाहीर केली, ती १५७ निघाली. दाद मागायची जागाच रिकामी असेल, तर मुलाला एकच धडा मिळतो: आपलं कुणी ऐकत नाही. निराशेची सुरुवात बहुधा याच वाक्यानं होते.

आणि ऐकायचं म्हटलं तर विद्यार्थी बैठकीत हवेत. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यापासून महाराष्ट्रात विद्यार्थी परिषदांच्या थेट निवडणुका थांबल्या, प्रतिनिधी गुणवत्तेवरून नेमले जाऊ लागले. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं निवडणुकांची तरतूद परत आणली, पण प्रत्यक्षात त्या वारंवार पुढं ढकलल्या गेल्या. निवडणुकांतल्या मारामाऱ्यांची भीती खोटी नाही, हेही मान्य. तरी वर्गात पहिला आलेला विद्यार्थी केटी लागलेल्यांचं दुखणं परिषदेत मांडेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

एक जागा मात्र आपल्यासाठी, म्हणजे कधीच पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी, उघडी आहे. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांमधून १० सदस्य निवडून जातात. दरवर्षी लाखाहून अधिक पदव्या देणाऱ्या मुंबई विद्यापीठाच्या सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत मतदार म्हणून नोंदले गेलेले पदवीधर होते सुमारे १३ हजार ४००. बाकीच्या लाखोंना आपल्याला असं काही मत असतं हेच ठाऊक नव्हतं. तुमच्या विद्यापीठाची पदवीधर नोंदणी पुढच्या वेळी सुरू होईल, तेव्हा अर्ज भरा. मत मागायला उमेदवार दारात येतील, तेव्हा त्यांना चहा द्या आणि विचारा: गेल्या सत्राचे निकाल किती दिवसांत लागले, समुपदेशकाचं पद भरलं का, आणि आपल्या विद्यापीठाचे लोकपाल कोण आहेत?